वरचं पाणी

सोमवारी सकाळी रंगनाथनं जिन्याखालच्या खोलीचं दार लोटलं, पांढऱ्या बादलीसमोर मांडी घातली आणि झाकणातून वर आलेल्या वाकड्या नळीकडे डोळे लावले. एक मिनिट गेलं. दोन गेली. नळीतलं पाणी ढिम्म हललं नाही.

"अहो, चहा झालाय," मंजुषानं स्वयंपाकघरातून हाक मारली.

"थांब, मोजायलोय."

"काय मोजायलात?"

"बुडबुडे."

"किती झाले?"

"एकबी न्हाई."

"मग मोजायलात काय?"

शनिवारी ही नळी दर चार सेकंदाला 'डुबुक' करत होती. रविवारी मिनिटाला एकदा करू लागली. आज तिनं तोंडच मिटलं. बादलीत दहा लिटर बिअर होती, त्याच्या आयुष्यातली पहिली. ती आंबत होती, आंबून झाली होती की मेली होती, हे त्याला कळत नव्हतं. आणि एखादी गोष्ट आपल्याला कळत नाही, ही भानगडच त्याला नवीन होती.

कारण पालमच्या बसस्टँडजवळ रंगनाथचं कृषी सेवा केंद्र होतं, आणि अठरा वर्षांत त्यानं 'मला माहीत नाही' हे वाक्य एकाही गिऱ्हाइकाला ऐकवलं नव्हतं. शेतकऱ्यानं पान दाखवायचं, यानं बाटल्या काढायच्या. पान पिवळं पडलं तर तीन बाटल्या, गरजेपेक्षा जास्त हिरवं झालं तरी तीनच. पीक आलं तर शेठचं औषध भारी, गेलं तर आभाळ वाईट. असा हा धंदा दोन्ही बाजूंनी पक्का होता.

पण दिवाळीत पुण्याला साडूकडे जायची दुर्बुद्धी झाली आणि तिथून सगळं बिघडलं. हा साडू, गोपाळ, मूळचा सोनपेठचा. पंधरा वर्षांपूर्वी पुण्याला गेला आणि तिथं पोचल्या पोचल्या त्याच्या तोंडातलं 'लय' जाऊन 'खूप' आलं. त्यानं रंगनाथला एका अशा हॉटेलात नेलं जिथं तांब्याच्या टाक्यांत बिअर तिथल्या तिथंच बनत होती. गोपाळनं ग्लास नाकाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "रंगनाथराव, ही गव्हाची बिअर. लवंग, केळं, सगळं येतंय बघा. तुमच्याकडं ही चव कळायलाच अजून पंचवीस वर्षं लागतील."

रंगनाथला ना लवंग आली ना केळं. आला तो राग. "कळायचं काय घेऊन बसलात? मी घरी बनवतो की," असं तो बोलून गेला, आणि मंजुषानं टेबलाखालून पाय दाबेपर्यंत "उन्हाळ्यात कुरडया न्यायला याल तवा पाजतो" हेही बोलून झालं होतं.

आता उन्हाळा आला होता, आणि येत्या रविवारी गोपाळ येणार होता. महिन्याभरात त्यानं तीनदा विचारलं होतं, "काय, होतेय ना तयार? की आम्ही येताना घेऊन येऊ?" त्या 'घेऊन येऊ'नं रंगनाथची झोप गेली. बिअर बिघडली असती तर दहा लिटर पाण्यासारखी वस्तू गेली असती, त्याचं एवढं काही नव्हतं. पण सासरच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत, गोपाळनं तो किस्सा हातवारे करून सांगितला असता. पुढची वीस वर्षं.

म्हणून त्यानं ऑनलाइन किट मागवलं. त्यात गव्हाच्या माल्टचा घट्ट पाक होता, हॉप्स नावाच्या कडू फुलांच्या गोळ्या होत्या, यीस्टची पुडी आणि ती वाकडी नळी होती. बादली नव्हती. ती दुकानातून आणली, जिवाणू खताची रिकामी, पांढरी, वीस लिटरची. घासून घासून धुतली आणि झाकणाला भोक पाडून नळी बसवली. घरी असलं काही करणं कायद्यात बसतं का, हे त्यानं कुणाला विचारलं नाही, कारण उत्तर काय येणार ते त्याला ठाऊक होतं. मंजुषा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिनं एकच अट घातली होती, "माझ्या आईला कळलं तर मी तुमाला वळखत न्हाई."

आई म्हणजे बायनाबाई. दोन्ही लेकींच्या वर्षभराच्या कुरडया करायला त्या पोखर्णीहून रविवारीच आल्या होत्या. नरसिंहाच्या नावानं कडक शनिवार धरणाऱ्या, गळ्यात माळ, आणि नाक असं की शेजारच्या घरातलं दूध नासलं तरी यांना आधी समजावं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "मंजे, माझ्या खोलीतला कूलर कुठं गेला गं?"

कूलर जिन्याखालच्या खोलीत बादलीला वारा घालत होता. बाहेर बेचाळीस अंश होतं आणि यीस्टला पंचविसाच्या पुढं सोसत नाही, असं किटच्या कागदावर लिहिलेलं. सासूला किती सोसतं, ते काही लिहिलेलं नव्हतं.

"मामी, त्यात कंपनीचं औषध हाय," रंगनाथ म्हणाला. "जिवंत जिवाणू असतेत. गरमीनं मरतेत."

"आन सासू?"

बायनाबाईंनी मग वाद घातला नाही. त्यांनी आपली बाजच उचलून जिन्याखालच्या खोलीत टाकली आणि म्हणाल्या, "तुमच्या औषधाला गार वारा असंल तर मी बी औषधापाशीच बसते, जावईबापू."

तर असा हा सोमवार. दुकान उघडल्याबरोबर रंगनाथनं मोबाइल हातात घेतला आणि सकाळी काढलेला बादलीचा फोटो घरी बिअर बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोनशे सभासद, सगळे जाणकार. 'पाचव्या दिवशी बुडबुडे बंद. हे नॉर्मल आहे का?' असं लिहून तो उत्तराची वाट बघत बसला.

तेवढ्यात सिद्धोधन आला. हा रंगनाथचं जुनं गिऱ्हाईक, उन्हाळी भुईमूगवाला. त्यानं रुमालात गुंडाळलेलं रोप काउंटरवर सोडलं.

"शेठ, हे बगा. पानं पिवळी पडायलीत. हे नॉर्मल हाय का?"

रंगनाथनं मोबाइलवरची नजर अर्धा सेकंद काढली. "न्हाई. हे तीन मारा."

"तिन्ही?"

"एकामागं एक. तीन तीन दिवसांनी."

"पण रोग कोणता हाय?"

"नाव कशाला पाह्यजे तुमाला? बारसं करायचंय का त्याचं?"

सिद्धोधन हसला आणि त्यानं बाटल्या उचलल्या. इकडं मोबाइल किणकिणला. नाशिकच्या एकानं लिहिलं होतं, 'नॉर्मल आहे, धीर धरा.' सांगलीच्या एकानं लिहिलं होतं, 'नॉर्मल नाही, यीस्ट मेलं, ओतून टाका.' आणि दुबईत राहणाऱ्या, नावापुढं मास्टर लावणाऱ्या एकानं लिहिलं होतं, 'बादली गोल गोल हलवा, यीस्ट जागं होईल.'

रंगनाथ भडकला. "काय लोक हायेत! नुसता फोटो बगून काय बी सांगायलेत! समोर येऊन बगितलं का कुणी?"

"खरंय शेठ," सिद्धोधन तिसरी बाटली पिशवीत घालत म्हणाला.

मंगळवारी दुपारी रंगनाथ बादली हलवायला खोलीत गेला, तर तिथं वस्तीच झालेली. बायनाबाई बाजेवर, आणि बिअरच्या शेजारी गहू भिजत घातलेल्या दोन बादल्या. त्याही पांढऱ्या, त्याही वीस लिटरच्या, त्याही दुकानातल्याच. मंजुषानं आईला दिल्या होत्या.

"कुरडईच्या गव्हाला बी गारवा बराच असतोय," बायनाबाई म्हणाल्या. कुरडईला गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग दळून, पिळून, गाळून जो पांढरा चीक निघतो तो रात्रभर ठेवायचा. तळाला चीक बसतो, वर पिवळं आंबूस पाणी येतं. ते वरचं पाणी काढून टाकायचं, तळाचा चीक शिजवायचा. पन्नास वर्षं दर उन्हाळ्यात त्या हेच करत आल्या होत्या.

रंगनाथनं बादलीला हात घातला तशी त्यांनी नाक उचललं.

"हलवू नका ते. उतरलंय."

"काय उतरलंय?"

"आतलं औषध. आले तवा फसफसत व्हतं, आता निवलं. जे व्हायचं ते होऊन गेलं. गुमान निवळू द्या."

रंगनाथला हसू आलं. दोनशे जाणकारांना जे कळेना ते या बाईनं बाजेवर पडल्या पडल्या सांगून टाकलं. "मामी, हे कंपनीचं हाय. ह्याला शास्त्र लागतंय."

"आसंल बाबा. आमचं आपलं नाकावर चालतंय," म्हणून त्यांनी कूस बदलली, आणि जावयानं बादली गोल गोल हलवली.

बुधवार गेला. नळी गप्पच. ग्रुपवर कुणीतरी सांगितलं, बिअरचा दाटपणा काचेच्या तरंगत्या नळीनं मोजा, लगेच समजेल. किटमधली ती काचेची नळी पोस्टमनच्या हातातच फुटून आली होती. पण हार मानील तो रंगनाथ कसला! गुरुवारी तो दूध डेअरीत गेला आणि माऊलीकडून लॅक्टोमीटर मागून आणला.

"म्हैस घेतली का काय?" माऊलीनं विचारलं.

"घ्यायचा इचार हाय."

घरी येऊन त्यानं पेलाभर बिअर काढून त्यात लॅक्टोमीटर सोडला. तो गपकन खाली गेला आणि दहावर थांबला. डेअरीच्या हिशोबानं याचा अर्थ एकच होता, दुधात दोन हिस्से पाणी. रंगनाथ डोकं धरून बसला. खरं तर बिअरचा आकडा दहा आला म्हणजे ती झकास तयार झाली, पण हे सांगू शकणारे लोक ग्रुपवर होते, आणि बिअर लॅक्टोमीटरनं मोजली हे ग्रुपला सांगायची त्याची हिंमत नव्हती. इज्जतीचा सवाल होता.

शुक्रवारी घरात चक्कीवरून दळून आणलेला ओला गहू आणि गल्लीतल्या सहा बायका. कुणी पिळत होती, कुणी गाळत होती, कुणी नुसतीच बोलत होती. उकळून घेतलेली पांढरी धोतराची फडकी दोरीवर वाळत होती. एकेक बादली भरली की तिच्या तोंडाला फडकं बांधून ती जिन्याखाली जात होती. त्याच गडबडीत दुबईच्या मास्टरचा निरोप आला, 'नळी चोंदली असेल. झाकण काढा. उकळून वाळवलेलं स्वच्छ सुती कापड तोंडाला बांधा.'

स्वच्छ, उकळलेलं, वाळलेलं, सुती. रंगनाथनं वर बघितलं. दोरीवर देवानंच टांगल्यासारखं ते हलत होतं. त्यानं एक फडकं ओढलं, झाकण आणि नळी काढली, बादलीच्या तोंडाला फडकं आवळलं. आता खोलीत तीन पांढऱ्या बादल्या होत्या, तिन्हींच्या तोंडाला एकाच धोतराची फडकी. रंगनाथला त्यात काही वावगं दिसलं नाही.

शनिवारी पहाटेच्या एसटीनं तो परभणीला गेला. कंपनीची डीलर मीटिंग होती. जाताना झाकण आणि नळी पिशवीत घातली, नवी नळी कुठं मिळते का ते बघायला. नळी मिळाली नाही, पण दांडीचे दोन काचेचे मोठे ग्लास मिळाले. बिअर गेली असेल तर निदान ग्लास तरी बरे दिसावेत, असा विचार करून त्यानं ते घेतले आणि परत येताना वाटेत गोपाळला काय थाप मारायची ते ठरवत राहिला. वीज गेली म्हणावं. कूलर जळाला म्हणावं. मांजर पडलं म्हणावं का?

घरी आला तेव्हा चार वाजले होते. गच्चीवर प्लास्टिक अंथरून पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगाच्या रांगा वाळत होत्या. बायनाबाई उपवासाच्या भगरीवर दमून बाजेवर घोरत होत्या. खोलीत आता एकच बादली उरली होती, कोपऱ्यात, तोंडाला फडकं. रंगनाथनं जड हातानं गाठ सोडली.

आत फेस होता! नुसता फेस नाही, बुडबुडे होते, चर्रर्र असा बारीक आवाज होता. आणि काल निम्मी असलेली बादली आज जवळजवळ काठाला लागली होती.

तो धावत स्वयंपाकघरात गेला. "मंजू! जागी झाली! आन वाढली बी!"

"वाढली म्हंजे?"

"दहा लिटरची अठरा झाली!"

"आपोआप?"

"अगं आंबताना वाढतंच. इडलीचं पीठ न्हाई का वाढत?"

मंजुषाला यावर बरंच बोलता आलं असतं, पण तिच्या हाताला सकाळपासून चीक ढवळून फोड आले होते. ती फक्त "बरं" म्हणाली. रंगनाथनं ग्रुपवर फोटो टाकला. नाशिकनं लिहिलं, 'मी म्हणालो होतो ना.' सांगलीनंही लिहिलं, 'मी म्हणालो होतो ना.' मास्टरनं अंगठा दाखवला. रंगनाथनं तो अंगठा आल्यागेल्या माणसाला दाखवावा तसा मंजुषाला चारदा दाखवला, आणि बादली उचलून कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून वरच्या खोलीत नेली. फ्रिजमध्ये एक जग भरून ठेवला.

रविवारी दहाच्या सुमारास गोपाळची गाडी आली. त्याची बायको रोहिणी आईच्या गळ्यात पडली आणि गोपाळ रंगनाथच्या कानाशी आला. "डिकीत सहा बाटल्या आहेत. लागल्या तर."

"लागायच्या न्हाईत," रंगनाथ म्हणाला.

दुपारी बारा वाजता दोघं साडू वरच्या खोलीत दार लावून बसले. रंगनाथनं थंडगार जग काढला, दांडीचे ग्लास भरले. रंग फिका, धुरकट, वर पातळ फेस. गोपाळनं ग्लास उजेडाकडे धरला, नाकाशी नेला, डोळे मिटले. रंगनाथ त्याच्या तोंडाकडे टक लावून बसला. दहावीच्या निकालाचीही त्यानं अशी वाट बघितली नव्हती.

गोपाळनं घोट घेतला. तोंडात फिरवला. गिळला.

"गव्हाची आहे."

"वळखलंत!"

"आधी आंबटपणा येतोय. मग मागून शेताचा वास. ओल्या धान्याचा. आणि अगदी शेवटी किंचित कडू." त्यानं दुसरा घोट घेतला. "बेल्जियममध्ये मुद्दाम अशी आंबट करतात. तुम्ही मुद्दाम केलीत?"

"म्हंजे काय! मुद्दामच," रंगनाथ म्हणाला. अठरा वर्षांची सवय कामाला आली.

"रंगनाथराव," गोपाळनं ग्लास खाली ठेवला आणि चक्क हात जोडले. "हरलो मी. आमच्या तिथं दहा हॉटेलांत असली चव मिळायची नाही."

रंगनाथला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. हे वाक्य मोबाइलमध्ये भरून घ्यायला हवं होतं, असं त्याला वाटलं. त्यानं स्वतःचा ग्लास तोंडाला लावला. आंबट्ट लागलं, पण बेल्जियम म्हटल्यावर त्यानं ते गोड मानून घेतलं. दोघांनी दुसरे ग्लास भरले आणि तेवढ्यात दार ढकलून बायनाबाई आत आल्या.

"माझी बादली वर कोण आणली वो?"

"कोणती बादली, मामी?" रंगनाथनं ग्लास पाठीमागं धरला.

"हीच की. कुरडईच्या वरच्या पाण्याची. नळ आठ दिसाला येतोय, म्हणून ओतून न देता साठवून ठेवलं व्हतं. कढीपत्त्याला घालायला आन मोरी घासायला."

गोपाळनं ग्लासकडे पाहिलं. पंधरा वर्षांचं पुणं एका क्षणात त्याच्या तोंडातून गळून पडलं.

"आयला, काय पाजायलाव मला!"

"मामी," रंगनाथ बादलीकडे बघत म्हणाला, "जिन्याखाली माझी बी एक बादली व्हती."

"नळीची ना? ती तर तुमी परभणीला नेली. झाकण न्हाई, नळी न्हाई, मी म्हणलं औषध गेलं कंपनीला, बरं झालं."

"मग तिसरी बादली?"

"हां, ती! कुणी गाळला व्हता तो चीक देव जाणे. सहा बाया, कोण कुठं ओतली काय ठावं. वर ही मणभर पाणी आन खाली मूठभर चीक. पाणी बी लय पिवळं, कडवट वासाचं. म्हणलं गहू जुना असंल." त्यांनी बादलीकडे हात केला. "ते काढलं, आन बाकीच्या दोन्हीचं वरचं पाणी त्याच्यातच वतलं."

"आन तळाचं? ते तळाचं कुठं गेलं?"

"कुरडईत घातलं की. अन्न हाय, टाकायचं का? शनिवार व्हता म्हणून चाखून नव्हतं बगितलं, एवढंच."

रंगनाथच्या डोळ्यांपुढं दहा दिवस सरकले. कूलर, नळी, लॅक्टोमीटर, दुबईचा अंगठा. बाईनं मंगळवारीच सांगितलं होतं, उतरलंय, गुमान निवळू द्या. त्याच दिवशी ऐकलं असतं तर आज या ग्लासात खरी बिअर असती. त्याला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं, पण एका हातात ग्लास होता, आणि तो आता पाठीमागून पुढं आला होता.

बायनाबाईंची नजर आता त्या ग्लासावर गेली. मग गोपाळच्या ग्लासावर. "तुमी दोगं हे प्यायलात का?"

रंगनाथनं ग्लास परत पाठीमागं नेला. बोलला तो गोपाळ. घसरलेलं पुणं त्यानं घाईघाईनं परत तोंडात बसवलं. काय करणार? हात जोडून 'हरलो' म्हणाला होता, ते परत कसं घेणार?

"मामी, हे पोटाला फार चांगलं असतं. शहरात याला प्रोबायोटिक म्हणतात. पुण्यात लोक विकत घेतात."

"कुरडईचं पाणी?"

"हो."

"नरसिंहा!" बायनाबाईंनी गालाला हात लावला. "आन आमी जलमभर नालीत वतायलोत."

जेवायला बसले तेव्हा नव्या कुरडया तळायला काढल्या होत्या. तेलात टाकली की एकेक अशी फुलत होती की कढई पुरेना. गल्लीतल्या दोघी विचारायला येऊन गेल्या, बाई, यंदा काय घातलं म्हणून. "काय बी न्हाई, हाताचा गुण," म्हणून बायनाबाईंनी त्यांना वाटेला लावलं होतं. रोहिणीनं तुकडा मोडला.

"आई, जराशी कडवट लागायली ना? पण झकास हाय."

"कुरडईत काय झकास असायचंय," गोपाळ सहावी कुरडई मोडत म्हणाला. "साधी गावठी चीज." रंगनाथनं मान वर केली नाही. बिअरच्या तळाचं जे काही उरलं होतं ते त्याच्या ताटात कुरकुरत होतं, आणि त्यानं ते मुकाट्यानं संपवलं.

निघताना डिकी उघडली तर त्या सहा बाटल्यांना खेटून एक पाच लिटरचा तेलाचा कॅन उभा होता, पिवळसर पाण्यानं भरलेला. बायनाबाईंनी तो स्वतःच्या हातानं ठेवला होता.

"जावईबापू, रोज उपाशीपोटी घ्या. रोहिणे, ध्यान ठेव गं. मी फोन करून इचारीन."

"ठेवीन की आई," रोहिणी म्हणाली. ती या बाबतीत आईवर गेली होती.

गोपाळनं गाडीत बसता बसता रंगनाथचा हात घट्ट धरला. "हे घरातच राहू द्या."

"कोणतं? बिअरचं का पाण्याचं?"

"दोन्ही," गोपाळ म्हणाला आणि गाडी सुरू केली. पुढच्या वीस वर्षांची रंगनाथची काळजी मिटली होती. किस्सा सांगायची आता दोघांचीही सोय उरली नव्हती.

सोमवारी दुकान उघडलं. पहिलाच सिद्धोधन. रुमाल काउंटरवर सोडला.

"शेठ, पह्यली दोन मारली. आता पानं गळायलीत. हे नॉर्मल हाय का?"

रंगनाथचा हात सवयीनं मागच्या फळीकडे गेला आणि तिथंच थांबला. त्यानं रोप उचललं. उजेडात धरलं. पान उलटून बघितलं, मुळं बघितली, मग नाकाशी नेऊन वास घेतला. वासानं काहीच कळलं नाही. सिद्धोधन बघत होता.

"सिद्धोधन," रंगनाथ शेवटी म्हणाला, "खरं सांगू का? मला कळंना हे काय हाय ते."

"कळंना म्हंजे?"

"म्हंजे माहीत न्हाई. तुमी एक करा, तिसरी बाटली मारू नका आन हे रोप घेऊन परभणीला कृषी विद्यापीठात जा. तिथं बगून सांगतील."

सिद्धोधननं त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग काउंटरवर वाकून, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, हळूच विचारलं, "शेठ, सकाळीच घेतली का काय?"

"न्हाई वो!"

"बरं बरं," सिद्धोधन समजूतदारपणे म्हणाला. त्यानं रोप रुमालात गुंडाळलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला. रंगनाथ बसल्या जागेवरून बघत होता. समोरचा शेठ फोनवर बोलत होता. त्यानं रोपाकडे न बघताच फळीवरच्या चार बाटल्या काढून काउंटरवर ठेवल्या, आणि सिद्धोधनचा चेहरा खुलला.